महारोहिणी विदारण, तीव्र

हृदयाच्या डाव्या निलयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भित्तीचा अंतःस्तर एकाएकी फाटून रक्त मध्यस्तरात शिरते व थर एकमेकांपासून सुटत जातात. या विकृतीस तीव्र महारोहिणी विदारण म्हणतात. दीर्घकालीन उच्च रक्तदाब हे तिचे प्रमुख कारण होय. तरुण रुग्णांत मार्फान लक्षणसमूहासारखे आनुवंशिक विकार आढळतात.

छातीत किंवा पाठीत एकदम उठणारी व प्रारंभीच पराकोटीस पोहोचणारी वेदना हे नेहमीचे लक्षण. तथापि सु. ६ टक्के रुग्णांना वेदना मुळीच होत नाही. विदारण कोणत्या शाखेच्या मुखाशी पोहोचते, त्यावर रोगाचे सोंग ठरते. मानेतील रोहिणी अडल्यास अर्धांगवायू होतो, मेरुरज्जूचा रक्तपुरवठा तुटल्यास दोन्ही पाय लुळे पडतात, आतड्याचा तुटल्यास तीव्र पोटशूळ उठतो. क्वचित केवळ आवाज घोगरा होतो. हृदयावरणात रक्त साचल्यास रुग्ण मूर्च्छित पडतो. जळगाव-धुळे भागात मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास असताना शेतात कोसळलेल्या माणसास ऊन लागले असेच प्रथम म्हटले जाते, व बहुधा ते खरेही असते. परंतु दोन्ही मनगटांची नाडी पाहण्यास फारसा वेळ लागत नाही.

सर्वांत घातक फसगत हृदयविकाराच्या झटक्याशी होते. विदारण उजव्या हृद्‌रोहिणीच्या मुखापर्यंत गेल्यास हृदय विद्युत् आलेख झटक्याचाच दिसतो. अशा वेळी दिलेले, गुठळी विरघळविणारे एरवी जीवदायी औषध येथे प्राणघातक ठरू शकते. म्हणून ते देण्यापूर्वी दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजावा. पाऱ्याच्या २० मिमी.पेक्षा अधिक फरक संशयास्पद होय. मात्र फरक नसल्याने विदारण नाही, असे ठरत नाही. निश्चित निदान रंजकद्रव्य टोचून केलेल्या सीटी स्कॅनने होते.

महारोहिणीच्या आरोही भागातील विदारणावर तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय. ती न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत तासागणिक १ ते २ टक्के रुग्ण दगावतात, असे दीर्घकाळ मानले जाई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदींत हे प्रमाण सु. अर्धा टक्का आढळले. या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक मायकेल डिबेकी यांनाच २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी हा विकार झाला. २००६ मध्ये शस्त्रक्रिया होऊन ते वाचले. अवरोही भागातील विदारणात उपद्रव नसल्यास औषधे पुरतात.

जळगावहून मुंबईस न्यायचे, तर ४०० किमी.हून अधिक अंतर पडते. त्यामुळे रक्तदाब व नाडीचा वेग उतरविणारी औषधे आणि वेदनाशामके रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच सुरू करावी लागतात.