हात हवा, हुकूम नको!

मुष्टियुद्धातील जगज्जेतेपद मिळविण्यास एके काळी केवळ बाहुबळ पुरत नसे. कातडीही गोरी लागे. अमेरिकेचा नामांकित जेता जॉन सलिव्हन ह्याने काळ्या प्रतिस्पर्ध्याशी लढणार नाही असे उघड बजावले होते, आणि पीटर जॅक्सनसारखा कसलेला कृष्णवर्णी योद्धा दाराशी ताटकळतच राहिला. ह्यास सरकारी कायद्याचा आधार लागला नाही. जेत्याने 'नाही' म्हटले की दावाच दाखल होत नसे; आणि जो दावा दाखलच होत नाही तो हरण्याचे भय नसते, हे आम्हां वकिलांस कोणी शिकवावयास नको.

सन 1908 च्या डिसेंबरात टॉमी बर्न्सने मोठ्या रकमेच्या मोहाने सिडनीस हा शिरस्ता मोडला आणि जॅक जॉन्सनच्या हातून असा मार खाल्ला की चौदाव्या फेरीत पोलिसांस मध्ये पडावे लागले. मग अपराजित म्हणून निवृत्त झालेल्या जेफ्रीजला गोऱ्यांची अब्रू राखण्यासाठी परत बोलाविले. 4 जुलै 1910 रोजी रीनो येथे तोही पडला, आणि त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगे होऊन माणसे मेली. 1915 त जॉन्सन हरला; त्यानंतर 1937 त जो लुईसने पद जिंकीपर्यंत ते गोऱ्यांकडेच राहिले. (स्वतः जॉन्सननेही जेता असताना लँगफर्डसारख्या काळ्या प्रतिस्पर्ध्यास टाळले. आत शिरलेल्यानेच कडी लावावी, हा प्रकार आपणांसही अपरिचित नाही.)

ही हकीकत वाचून गिरगावातील सुशिक्षित गृहस्थ हळहळतो. त्याने ती हळहळ थोडी राखून ठेवावी. मुंबईच्याच मैदानावर तिची गरज पडणार आहे.

बाळू पालवणकर हे जातीने चर्मकार. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात जाळी बांधणे, खेळपट्टीवर रोलर फिरविणे ही त्यांची चाकरी. साहेबलोकांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात तयार झाला. साहेबांनी त्यांस गोलंदाजी करू दिली, फलंदाजी नाही. तथापि साहेबांस दोष देऊन आम्ही सुटत नाही. हिंदूंच्या संघात त्यांचा चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्यास विटाळ नव्हता. चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात! फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांस 109 धावांनी हरविले, तेव्हा बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. परत आल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला.

एवढे होऊनही हिंदू संघाची नायकी त्यांस मिळाली नाही. वर्षामागून वर्षे मागणी होत राहिली, आणि निवड समिती दुसरे नाव जाहीर करीत राहिली. कोणी म्हणेल, कप्तानास विद्या हवी. कोणता गोलंदाज केव्हा बदलावा व क्षेत्ररक्षक कोठे उभा करावा, हे कोणत्या विद्यापीठाच्या परीक्षेत विचारतात? आमचे व्यापारी वाचक हा व्यवहार चटकन ओळखतील: मुनिमाने पेढी वाढवावी, पण तिजोरीच्या किल्ल्यांस त्याने हात लावू नये.

1920 त तर बाळूंस संघातूनच वगळले. नियोजित कप्तान पै आजारी पडले, तेव्हा देवधरांस नेमले. बाळूंचे बंधू शिवराम व विठ्ठल ह्यांनी जाहीर निवेदन करून अंग काढून घेतले. लोकमत खवळले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यास पै परतले, भाऊ परतले, बाळूही परतले, आणि ह्या खेपेस उपकप्तान म्हणून! सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले व बाळूंनी संघ चालविला. बंधो, एवढ्या कारकिर्दीनंतर पदरात पडली ती ही घटकाभराची नायकी, तीही दुसऱ्याच्या सौजन्याने! पै ह्यांच्या मनाचा मोठेपणा आम्ही मानतो. समितीचा मानीत नाही.

1923 त कप्तानपद अखेर त्या घरात आले, विठ्ठलांच्या रूपाने, आणि त्यांच्या हाताखाली हिंदू जिंकले. बाळूंचे खेळण्याचे दिवस तोवर सरले होते.

आम्ही राष्ट्रीय पक्षाचे अभिमानी, म्हणून पुढील गोष्ट आम्हीच नमूद करणे बरे. मैदानावर नायकी नाकारलेल्या ह्या पुरुषाचे नाव मते मागण्याच्या वेळी मात्र अनेकांस आठवले. 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या मतदारसंघात काँग्रेसने बाळूंस उभे केले, ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांस 13,245 मते पडली, बाळूंस 11,225.