खिशातला कॅमेरा : घ्यावा की न घ्यावा?

माणसाच्या खिशात काय सापडते यावरून त्याचा काळ ओळखावा. आजोबांच्या बंडीत तपकिरीची डबी असे, वडिलांच्या खिशाला फाउंटन पेन लटकत असे. आपल्या खिशात मोबाइल शिरला आणि घड्याळ, डायरी, बॅटरी, रेडिओ ही सारी मंडळी एकामागून एक त्याच्या पोटात गडप झाली. कॅमेराही गेला. असे असताना घरातल्या कुणी उठून म्हटले, “खिशात मावेल असा एक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊ या,” तर शहाण्या गृहस्थाने त्याला काय उत्तर द्यावे?

मौज अशी, की हा प्रश्न हल्ली आजोबा विचारत नाहीत, नातवंडे विचारतात. महाविद्यालयाच्या आवारात वीस वर्षांपूर्वीचे चंदेरी, चपटे कॅमेरे पुन्हा दिसू लागले आहेत. मामाच्या कपाटातून, जुन्या बाजारातून, कुठून कुठून ते बाहेर निघाले आहेत. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा मात्र नाही. चांगल्या प्रतीचा नवा छोटा कॅमेरा आज दुचाकीच्या किमतीशी स्पर्धा करतो. शिवाय घरातल्या माणसांचे चेहरे कशावर आणि कसे जपून ठेवायचे हाही प्रश्न त्याच्या पोटात आहेच.

कोल्हापूरकराला कॅमेऱ्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे आम्ही मानतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो उगीच नव्हे. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून त्यांना चित्रपटाचे वेड लागले. १९१६ साली आनंदराव गेले. पण बाबूरावांनी ध्यास सोडला नाही. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, गायिका तानीबाई कागलकरांनी तिला आर्थिक हात दिला आणि १९१८ च्या सुमारास बाबूराव व विष्णुपंत दामले यांनी इथेच, आपल्या हातांनी, चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. त्यातून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. यंत्र विकत घेण्याआधी ते कसे चालते हे समजून घ्यावे, हा धडा या गावाने शंभर वर्षांपूर्वी गिरवलेला आहे. आपल्याला कॅमेरा बनवायचा नाही, फक्त पारखायचा आहे. तेव्हा तेवढे कष्ट आपणही घ्यावेत.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ चा. अमेरिकेत कोडॅक कंपनीतले तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला नमुना बनवला त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते. त्याचे चित्र १०० गुणिले १००, म्हणजे अवघ्या १०,००० ठिपक्यांचे असे, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे हेच यंत्र खिशात मावू लागले, घरोघर पोहोचले, आणि मग मोबाइलने त्याला गाठले. जपानी उत्पादकांनी २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना केले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत आला होता. ज्या कोडॅकच्या घरात हे बाळ जन्मले, त्याच कंपनीला २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. लेकराने घर बुडवल्याची अशी गोष्ट कादंबरीत आली असती तर टीकाकारांनी तिला अतिरंजित म्हटले असते.

आता पारख. दुकानदार सर्वांत आधी सांगतो तो मेगापिक्सेलचा आकडा, आणि गिऱ्हाइकही त्यालाच भुलते. हिशेब करून पाहा. चार बाय सहा इंचांचा नेहमीचा फोटो उत्तम छापायचा तर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १,२०० गुणिले १,८००, एकूण जेमतेम २१ लाख ६० हजार ठिपके. दोन मेगापिक्सेलांत काम झाले! भिंतीवर लावण्याजोग्या आठ बाय बारा इंचांच्या फोटोलाही नऊ मेगापिक्सेल पुष्कळ होतात. उरलेले आकडे बव्हंशी मिरवण्यासाठी.

खरे महत्त्व आहे ते प्रकाश झेलणाऱ्या चकतीला, म्हणजे सेन्सरला. पावसात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी, परात ठेवली तर परातभर. तसाच हा प्रकार. स्वस्तातल्या छोट्या कॅमेऱ्यांतली चकती साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी, असते. त्याहून चांगल्या प्रतीत ‘एक इंची’ म्हणून ओळखली जाणारी चकती येते. तिचे खरे माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, नावातला इंच कुठे शोधू नये. पण क्षेत्रफळाने ती पहिलीच्या चौपट भरते. अंधाऱ्या खोलीत, सांजवेळी हा चौपटीचा फरक डोळ्यांना दिसतो. आजच्या महाग मोबाइलांतली चकती स्वस्त छोट्या कॅमेऱ्यातल्या चकतीपेक्षा मोठी असते, हेही इथेच सांगून टाकले पाहिजे. शिवाय मोबाइल एका क्षणात अनेक चित्रे घेऊन, त्यांची गोळाबेरीज करून एक चित्र काढून देतो. म्हणून चित्राच्या गुणासाठी स्वस्तातला नवा कॅमेरा घेणाऱ्याची निराशाच व्हायची.

एक इंची चकतीचा, वीस मेगापिक्सेलचा, वजनाने पाव किलोच्या आतला एक कॅमेरा भाच्याकडून आठ दिवसांसाठी मागून आणला. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. या जातीचे कॅमेरे गुणदोषांनी सख्खे भाऊच. सोबत घरातला मोबाइल होताच.

पहिली परीक्षा रंकाळ्यावर. सूर्य शालिनी पॅलेसच्या मागे उतरत होता. मोबाइलने झाडांखालचा सारा अंधार उजळून टाकला. फोटो झकास आला, पण संध्याकाळ मात्र दुपारसारखी दिसू लागली. कॅमेऱ्याने राजवाडा काळा ठेवला, आकाश तांबडे ठेवले. उजेड कमी-अधिक करण्याची एक कळ असते, ती एक घर खाली आणली आणि डोळ्यांना दिसली होती तशी संध्याकाळ हाती आली. ज्याला बसल्या बसल्या सुबक चित्र हवे त्याला मोबाइल बरा. ज्याला आपण पाहिले ते आणि तसेच हवे, त्याला कॅमेरा.

दुसरी परीक्षा तालमीत. लाल मातीचा हौदा, वरून एक-दोन दिवे, आणि विजेसारखी हलणारी पोरे. वस्तादांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काढा की सर, पण हौद्यात चपला घालून येऊ नका, आणि पोरांच्या डोळ्यांवर ते दिवे मारू नका.” दुसरी अट छायाचित्रणाच्या दृष्टीनेही योग्यच होती. इथे एक गोष्ट ध्यानात आली. अशा कॅमेऱ्याच्या भिंगाचे तोंड रुंद दृश्याला एफ १.८ इतके मोठे उघडते. पण झूम करून लांबचे जवळ आणले की ते एफ ४.९ वर येते. आकडा लहान तितके तोंड मोठे, असा हा उलटा हिशेब आहे. पूर्ण झूमला आत येणारा प्रकाश सातपटींहून कमी होतो, आणि मग डाव टाकणाऱ्या पोराचा नुसता धूसर पट्टा उमटतो. झूम न करता दोन पावले पुढे सरकलो, तेव्हा मातीचे उडालेले कणदेखील चित्रात थबकले. बटण अर्धे दाबून आधी नेम धरायचा आणि क्षण आला की पुरते दाबायचे, ही सवय लागायला दोन संध्याकाळी गेल्या.

तिसरी परीक्षा देवघरात. समईच्या उजेडात घरातली म्हातारी माणसे किती सुंदर दिसतात हे लक्ष्मीपूजनाला प्रत्येकाने पाहिले असेल. तिथे फ्लॅश मारला की समई विझल्यासारखी होते, चेहरे पिठासारखे पांढरे पडतात. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. त्यामुळे त्याचा उजेड डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तावरून परतून थेट भिंगात येतो आणि आजी तांबड्या डोळ्यांची दिसते. उपाय सोपा. फ्लॅश बंद करावा, कॅमेरा कपाटाच्या फळीवर टेकवावा, दोन सेकंदांचा टाइमर लावावा आणि सर्वांना क्षणभर श्वास रोखायला सांगावे. आमच्या देवघरात मोबाइलपेक्षा कॅमेऱ्याचे चित्र अधिक मऊ, अधिक खरे आले. सामुदायिक फोटोत मात्र जाड माणसांना कडेला उभे करू नये. रुंद भिंग कडेच्या माणसांना आणखी रुंद करते, आणि दिवाळीच्या दिवसांत वितुष्ट नको.

चौथी परीक्षा मुलांच्या कार्यक्रमात. मंचावरचा आपला बाळ दूर असतो. साधा मोबाइल नुसते चित्र ताणून मोठे करतो, तेव्हा नाकडोळे विरघळतात. कॅमेऱ्याचे भिंग खरोखर पुढे सरकून दृश्य जवळ आणते. इथे कॅमेरा निर्विवाद जिंकला. मात्र सभागृहाच्या दहाव्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्या पालकांना सांगावेसे वाटते, की या फ्लॅशची धाव तीन-चार मीटरांपलीकडे क्वचितच जाते. तो उजेड फक्त पुढच्या रांगेतल्या टकलांवर पडतो.

दोष नाहीत असे नाही. लहान अंगातली बॅटरीही लहानच. दोन-अडीचशे फोटोंनंतर ती धापा टाकते, म्हणून दुसरी बाळगावी लागते. भिंग आतबाहेर होणारे असल्याने धूळ आणि पाणी यांचे त्याच्याशी वैर. आणि काढलेला फोटो लगेच पुण्याच्या मावशीला पाठवायचा तर मोबाइलचेच पाय धरावे लागतात.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. भिंग आतबाहेर होताना कुरकुरते किंवा अडकते का, हे दहा वेळा चालू-बंद करून ऐकावे. बॅटरी फुगलेली नाही ना, आणि तशीच दुसरी आज बाजारात मिळते ना, याची खात्री करावी. कोणते कार्ड लागते ते विचारावे. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी जातीचे कार्ड लागते, ते आता सहसा मिळत नाही. आणि अगदी जुने एसडी कॅमेरे दोन गिगाबाइटांहून मोठे कार्ड ओळखतच नाहीत. शेवटी, भिंगावर हात ठेवून काळोखाचा एक फोटो काढावा. त्यात पांढरे-तांबडे ठिपके चमकले तर सेन्सर म्हातारा झाला असे समजावे.

तेव्हा निकाल असा. ज्या घरात बरा मोबाइल आहे त्या घराने स्वस्तातला नवा कॅमेरा घेऊ नये. घरात जुना पडून असेल तर तो मुलांच्या हाती जरूर द्यावा. मोबाइलमध्ये फोटो काढता काढता निरोप येतात, खेळ येतात, आणि पाहणे राहून जाते. कॅमेऱ्यात फोटोशिवाय दुसरे काही नसते, हाच त्याचा मोठा गुण. आपल्या वडीलधाऱ्यांच्या ‘क्लिक थ्री’मध्ये एका रोळात बारा फोटो निघत, म्हणून प्रत्येकाआधी विचार होई. मुलांना सांगावे, सहलीला फक्त बारा काढा. आणि ज्यांना छंदच जडला आहे, ऐपतही आहे, त्यांनी एक इंची चकतीचा कॅमेरा खुशाल घ्यावा. तो पैसे वाया घालवत नाही.

मात्र कुठलाही कॅमेरा घ्या, पुढचे काम तुमचे आहे. मूकपटांच्या काळातले आपले बहुतेक चित्रपट आज पाहायला उरलेले नाहीत. ते काढणाऱ्यांत कसूर नव्हती. जपणारे कमी पडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा नदीकाठच्या घरांत काय काय भिजले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. कागदाचा आल्बम पाण्याने जातो, कार्ड आणि मोबाइल हरवून किंवा बिघडून जातात. म्हणून फोटोंच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे.

आणि या दिवाळीत एवढे करा. वर्षभरातल्या हजार फोटोंतून बारा निवडा, ते कागदावर छापून घ्या, आणि आजी समोर बसली असताना प्रत्येकाच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. चेहरा कुठलाही कॅमेरा टिपतो. डाव्या हाताला उभी असलेली ती बाई कोण, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घेतलेले बरे.