परवलीचा शब्द : पाळता येईल असे पथ्य

गल्ल्यावर एकच संगणक, त्यावर दोन मदतनीस, सायंकाळी येणारे हिशेबनीस आणि पडद्याच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी, हे दृश्य सातारा-सांगलीच्या औषधालयांना नवे नाही. माझ्या साताऱ्यातील चिकित्सालयातही ते होते. एक मदतनीस काम सोडून गेल्यावर तीन महिन्यांनी ध्यानात आले की, रुग्णनोंदी, बँक व जीएसटी यांचा पासवर्ड एकच होता आणि तो त्यास पाठ होता. अनर्थ टळला तो केवळ त्याच्या सचोटीमुळे.

प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे, पासवर्ड उघडा नसावा, हे नियम योग्यच आहेत. परंतु रुग्ण खोळंबले असता ते सर्व पाळणे कठीण. देश, काल व बल पाहून पथ्य सांगावे, हा आपलाच दंडक येथे उपयोगी पडतो.

१) बँक व जीएसटीचा पासवर्ड मालकाकडेच असावा. मदतनिसास केवळ बिलापुरते खाते द्यावे.

२) वहीत लिहिणे सर्वथा वर्ज्य नाही. दूरवरच्या चोराचा हात वहीपर्यंत पोहोचत नाही. वत्सनाभ, कुचला जसे कुलपात ठेवतो, तशी ती ठेवावी. मात्र 2019 च्या महापुरात सांगलीतील अनेक दुकाने पाण्याखाली गेली, हे स्मरून दुसरी प्रत बंद पाकिटात घरी, उंचावर ठेवावी.

३) संगणकातील साध्या फाइलमध्ये यादी ठेवू नये, यंत्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व काही. पासवर्ड जतन करणारी प्रणाली यादी सांकेतिक रूपात ठेवते व एकच दीर्घ मुख्य पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो.

४) दरमहा पासवर्ड बदलण्याची सक्ती नको. त्यामुळे लोक केवळ शेवटचा अंक बदलतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही 2017 मध्ये अशा सक्तीविरुद्ध मत दिले. संशय आल्यास किंवा कर्मचारी सोडून गेल्यास मात्र त्याच दिवशी बदलावा.

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्समधील संगणकयंत्रणा सायबर हल्ल्याने ठप्प झाली व कित्येक दिवस कामकाज हाताने करावे लागले. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेतील हयगयीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाहून मोठी गोष्ट अशी की, रुग्ण घरातही न बोललेली व्यथा वैद्यापाशी बोलतो. ती चिठ्ठीवर टांगणीला लागू नये, एवढी दक्षता आपणा सर्वांस सहज शक्य आहे.