लसूणघासाची रोगप्रतिकारक्षम पैदास
लसूणघास हे दुभत्या जनावरांचे बहुवर्षायू वैरणपीक होय. अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाने (स्थापना १९६८) त्याचा आर. एल. ८८ हा वाण दिला आहे. शीत प्रदेशांतील वाण हिवाळ्यात सुप्त राहतात; येथे मात्र त्याच ऋतूत हिरवी वैरण हवी असते, आणि केवडा रोगही गारव्यातच बळावतो. गुणसूत्रांचे चार संच असलेले हे पीक स्वपरागणाने खुरटते. म्हणून एकाच प्रतिकारक्षम झाडावर वाण उभारता येत नाही. रोगग्रस्त वाफ्यात निरोगी उरलेली अनेक झाडे निवडून मधमाश्यांकरवी त्यांचे परस्पर परागण घडवावे लागते, व हाच क्रम अनेक पिढ्या चालवावा लागतो. घास तीन-चार वर्षे उभा राहतो. सदोष निवडीचे नुकसान शेतकऱ्यास तितकाच काळ सोसावे लागते.