गेमिंग पीसी अचानक स्लो झाला? ग्राफिक्स कार्ड विकण्याआधी हे तपासा



कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान टाकायच्या तयारीत असलेल्यांसाठी यावेळचा व्हिडिओ गेमिंग पीसीवर केला. व्हिडिओत हात दिसतात, पण हात चालताना डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. ते इथे लिहितोय.

गिऱ्हाईक येतं ते एकच वाक्य घेऊन: "दादा, कालपर्यंत मक्खन चालत होता, आज गेम अडकतोय." सोबत बऱ्याचदा वडील असतात आणि त्यांचा प्रश्न वेगळाच असतो: "किती खर्च येईल?" या दोन वाक्यांच्या मधे तुमचा धंदा आहे. मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं. "कार्ड गेलंय, बदलावं लागेल" म्हणणं सगळ्यात सोपं. पण नवीन कार्ड टाकूनही गेम तसाच अडकला तर ते कार्ड परत कोण घेणार? घाऊकवाला घेत नाही, आणि गिऱ्हाईक तर पुन्हा पायरी चढत नाही.

म्हणून कॅबिनेट उघडायच्या आधी तोंड उघडायचं. पहिला प्रश्न, "लॅग म्हणजे नक्की काय होतंय?" आपल्याकडे सगळ्यालाच लॅग म्हणतात. शत्रू दिसतो, गोळी लागते, पण मरत नाही, माणूस मागे खेचला जातो, हा नेटचा प्रॉब्लेम. गेममधला पिंग बघा. पिंग ३० वरून २०० वर गेला असेल तर पीसीचा काही दोष नाही, राउटर आणि केबल बघायची. चित्रच तुटक चालत असेल तर ते एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार होतात तो आकडा. तो पडला असेल तरच पुढे जायचं.

दुसरा प्रश्न, आकडा किती झाला? बरोबर ६० किंवा बरोबर ३० वर येऊन थांबला असेल तर मी हसतो. बिघाड इतका गोल आकडा देत नाही. कुठेतरी मर्यादा लागलीय. गेममध्ये व्ही-सिंक चालू झालंय किंवा लॅपटॉप चार्जरशिवाय चाललाय. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी बूस्ट नावाची सोय आहे, ती बॅटरीवर असताना एफपीएस आवळून धरते. आणि आकडा १४४ दिसतोय पण हाताला जड वाटतंय, असं असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट बघा. विंडोज नवीन टाकल्यावर किंवा केबल बदलल्यावर तो गुपचूप ६० वर बसलेला असतो. सुट्या पार्टचा खर्च शून्य.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: "त्याआधी काय बदललं?" उत्तर नेहमी "काहीच नाही" असंच येतं. मग नावं घेऊन विचारायचं. विंडोजचा अपडेट आला? ड्रायव्हर टाकला? घर बदललं? साफसफाई केली? दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या पीसींचा इतिहास बहुतेक एकच असतो: आईने टेबल सरकवलं होतं. परत जोडताना मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टात जाते. पडदा लागतो, विंडोज चालतं, कुणाला शंका येत नाही. गेम मात्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर रडत रडत चालतो.

रॅमचा एक किस्सा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा लगीनसराईत पीसी घेऊन आला. दिवसा एडिटिंग, रात्री गेम, दोन्हीला तीच मशीन. दुसऱ्या दुकानात त्याला कार्ड बदलायला सांगितलं होतं आणि चार लग्नांचे पैसे त्यात जाणार होते. एफपीएस १४० वरून ६०-७० वर आलेले, तेही मधेमधे झटके खात.

मी फक्त टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सचा टॅब, मेमरी. तिथे १६ जीबीऐवजी ८ जीबी. खाली लिहिलेलं, दोनपैकी एकच स्लॉट वापरात. नवीन भाड्याच्या जागेत सामान टेम्पोतून नेलं होतं, त्यात रॅमची एक पट्टी सैल झाली. पट्टी काढली, सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसले, दोन्ही बाजूंनी 'टक्' होईपर्यंत दाबली. झालं.

यात दोन गोष्टी एकदम घडतात, म्हणून परिणाम मोठा दिसतो. एक, मेमरी कमी पडते आणि विंडोज उरलेला माल एसएसडीवर नेऊन ठेवतं. एसएसडी रॅमपेक्षा कितीतरी हळू, म्हणून झटके. दोन, दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात, एक गेली की रस्ता निम्मा. त्यामुळे चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघूनच बसवा.

त्याच मेमरीच्या पानावर स्पीडही दिसतो. डीडीआर४ ची ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालताना दिसली तर बायोसमधलं एक्सएमपी बंद पडलंय. का पडलं? मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय का बघा. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. सेल मेलेला असेल तर दर सकाळी बायोस सगळं विसरून जातो. पीसी सुरू झाल्यावर तारीख चुकीची दिसत होती का, हे गिऱ्हाइकाला विचारा. सेलची किंमत एका वडापावाच्या प्लेटीएवढी.

उष्णता

आता जो प्रश्न विचारायचा तो असा: गेम पहिल्या मिनिटापासून अडकतो की दहा-पंधरा मिनिटांनी? पंधरा मिनिटांनी अडकत असेल तर नव्वद टक्के माझा हात ब्लोअरकडे जातो.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. खोलीचं तापमान यात सरळ मिळवायचं. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७८ वर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत ९३ च्या आसपास जाणार. म्हणजे बिघाड आजचा नाही. धूळ वर्षभर साठत होती, उन्हाळ्याने ती उघडी पाडली. इचलकरंजी, मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत दुकान टाकणार असाल तर हीटसिंकमध्ये कापसाच्या तंतूंची गादीच बसलेली सापडेल. तिथे नुसता ब्लोअर पुरत नाही, ब्रश लागतो.

एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर ठेवा. गेम वीस मिनिटं चालवायचा आणि मग 'थर्मल थ्रॉटलिंग' च्या ओळीत 'येस' आलंय का बघायचं. आलं असेल तर अंदाज संपला, पुरावा मिळाला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर हवेने भन्नाट फिरून बेअरिंग जातं. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. हलवाहलवीत एक जरी निसटली तरी कूलर तिरका होतो आणि तापमान काही सेकंदांत वर जातं. पेस्ट वाळलेली असेल तर बदला. ग्राफिक्स कार्ड उघडून पेस्ट बदलायच्या आधी मात्र बिल मागा. वॉरंटीतलं कार्ड उघडणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या वॉरंटीवर तुम्ही पाणी सोडणं.

लॅपटॉपचा एक वेगळा प्रकार सांगून ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा स्पीड ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर गोठलेला दिसला, आणि तापमान मात्र गार, तर चार्जर बघा. काही लॅपटॉप चार्जर ओळखू शकले नाहीत की प्रोसेसरला मुद्दाम मुठीत धरतात. बाजारातला डुप्लिकेट चार्जर किंवा आतली पिन तुटलेली असते. यावर लोक तीनतीनदा विंडोज टाकून घेतात.

सॉफ्टवेअर

नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यावर पहिले एक-दोन सामने झटके येणं नॉर्मल आहे, कारण गेमचा शेडर कॅश नव्याने तयार होतो. थोडं खेळू द्या. त्यानंतरही तसंच असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरून सेफ मोडमध्ये ड्रायव्हर पूर्ण काढा आणि जुना, चांगला चालणारा टाका. एकच गेम अडकतोय आणि बाकीचे नीट? मग तो गेमच्या अपडेटचा दोष, पीसीला हात लावू नका. एसएसडी गच्च भरली असेल तर जागा करा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघा.

गिऱ्हाइकाने फुकटातला क्रॅक गेम टाकलाय का, हेही विचारा, वडिलांसमोर नाही. २०२१ मध्ये अवास्ट कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा मालवेअर उघडकीला आणला. तो क्रॅक केलेल्या गेममधून शिरायचा, अँटीव्हायरस बंद पाडायचा आणि पीसीवर मोनेरो हे आभासी चलन खणायचा. गेम बंद असताना पंखे ओरडत असतील आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होत असतील तर अशी शंका घ्या. इथे विंडोज नव्याने टाकणं हाच मी देतो तो सल्ला.

मग खरंच कार्ड कधी?

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७-९९ टक्के, तापमान ठीक, क्लॉक पूर्ण, आणि तरी एफपीएस कमी, तर कार्ड आपलं काम करतंय, गेमच जड आहे. तेव्हा नवीन कार्डाचा विषय काढा. वापर ५० टक्के असेल तर कार्ड रिकामं बसलंय. अडचण प्रोसेसर, रॅम किंवा दुसरीकडे कुठेतरी आहे. या एका आकड्यावर मी आजवर किती कार्डं 'न विकली' असतील! आणि पडद्यावर रंगीत चौकोन, रेघा येत असतील तर कार्ड खरंच आजारी आहे; चिप लेव्हलचं काम येत नसेल तर तसं सांगून जिथे होतं तिथे पाठवा.

आता पैशाचं. खोडरबराने रॅम पुसायचे किती घ्यायचे, हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. मी पीसी टेबलावर घेण्याआधीच तपासणीचे ३०० रुपये सांगतो, फळ्यावर लिहिलेलंच आहे. दोष पाच मिनिटांत सापडो की पाच तासांत, तेवढेच. पुढे पार्ट किंवा मोठं काम निघालं तर ते बिलातून वजा. एडिटिंगवाल्या मुलाकडूनही ३०० घेतले, आणि टास्क मॅनेजरमधला आधीचा आणि नंतरचा आकडा त्याला मोबाईलमध्ये फोटो काढायला लावला. फुकट करून दिलं असतं तर पुढच्याला "त्याचे तर घेतले नाहीत" हे ऐकावं लागलं असतं.

पावतीवर चार ओळी असू द्या: गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, येताना एफपीएस आणि तापमान, काय केलं, जाताना एफपीएस आणि तापमान. आकडे नेहमी त्याच गेममध्ये, त्याच सेटिंगवर घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. डेटाचा बॅकअप कुणाच्या जबाबदारीवर, तेही लिहून सही घ्या. पासवर्ड मागू नका, गिऱ्हाइकालाच समोर टाकायला सांगा. दुकानात टेस्टिंगसाठी स्वतःची एक चांगली पॉवर सप्लाय, ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि विंडोज टाकलेली एक एसएसडी बाजूला ठेवा, आणि काही झालं तरी ती विकू नका. दिवाळीत मागणी असते, मोह होतो, मी त्यांच्यावर लाल पेंटने खूण करून ठेवलीय.