कपाट आहे, पण फाइल कुठे?

दहा वर्षांपूर्वी पास झालेल्या सीनियरला अचानक ट्रान्सक्रिप्ट लागतो. ऑफिसमधले जुने क्लार्क रिटायर झालेले असतात. नव्या माणसाकडे कपाटाची किल्ली असते, पण आतली मांडणी जुन्यांच्या डोक्यात होती. अर्जाची शेवटची तारीख काही थांबत नाही! कुठला कागद ठेवायचा, किती वर्षं, कोणाच्या ताब्यात आणि कधी नष्ट करायचा, हे ठरवणं म्हणजे रेकॉर्ड्स मॅनेजमेंट. सरकारी मराठीत अभिलेख व्यवस्थापन. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना यासाठी शब्दकोश लागतो.)

हे परदेशी खूळ नाही बरं का. आपल्या सरकारी कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. 'अ' कायम ठेवायचा, 'ड' वर्षभरानंतर काढायचा. टेबलावरच्या कागदांसाठी 'सहा गठ्ठे पद्धत' आहे, त्यातला एक गठ्ठा फक्त उत्तराची वाट पाहणाऱ्या कागदांचा. १९८०च्या दशकात अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या कामाची घडी बदलली, तो 'लखिना पॅटर्न' अजून सांगितला जातो. पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने रेकॉर्डची सूची ठेवणं बंधनकारकच केलं. उत्तर ३० दिवसांत द्यायचं, तर फाइल सापडायला नको?

जगाचं स्टँडर्डही आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९९६ च्या स्टँडर्डवरून २००१ साली आयएसओ १५४८९ आलं, २०१६ मध्ये ते सुधारलं. पण स्टँडर्ड म्हणजे सिलॅबस. आपल्या ऑफिसात नेमकं काय करायचं, त्यासाठी सीनियरच्या नोट्स लागतात. त्या नोट्स म्हणजेच प्रॅक्टिस गाईड.

ते एकट्याने लिहिलं तर पुन्हा एकाच डोक्यातलं. म्हणून विकी बरं. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं, कल्पना साधी: वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता यावं. पण नुसतं मोकळं सोडलं की खिचडी होते. एक जण 'फाइल' म्हणतो, दुसरा 'केस', तिसरा 'प्रकरण', मग सर्च करून काहीच मिळत नाही. तेव्हा आधी शब्दांची यादी ठरवायची. प्रत्येक पानाचा साचा एकच: काम कोणतं, जबाबदार कोण, मुदत किती, कोणत्या नियमाने. बदल कोणीही सुचवावा, पण मुदतीचा आकडा जबाबदार अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय बदलू नये. चुकीच्या आकड्यावरून फाडलेला कागद 'अनडू' होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. गाईडच्या जुन्या आवृत्त्या पुसायच्या नाहीत. आज कोणी विचारलं, "ती फाइल का फाडली?", तर त्या दिवशी लागू असलेलं पान तारखेसकट दाखवता आलं पाहिजे. म्हणजे रेकॉर्ड कसं ठेवावं हे सांगणारं पानसुद्धा शेवटी एक रेकॉर्डच, आणि माझ्या मते ते थेट 'अ' वर्गात जायला हवं.