चड्डीवरचा रक्ताचा डाग

पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या चड्डीवर रक्ताचा डाग दिसला की आईच्या काळजात धस्स होतं. इतक्या लवकर पाळी? की कुणी काही केलं? कधीकधी कारण वेगळंच असतं: मूत्रमार्गाचं आतलं अस्तर सैल होऊन लघवीच्या छिद्रातून बाहेर येतं. या विकाराचं वर्णन 1732 मध्येच झालं होतं, तरी आजही तो चटकन ओळखला जात नाही.

पाळी सुरू होण्याआधीच्या मुली आणि पाळी गेलेल्या स्त्रिया, या दोघींत तो आढळतो, कारण दोन्ही वयांत इस्ट्रोजेन कमी असतं. त्यात जुनाट खोकला किंवा शौचाला कुंथणं यांची भर पडते.

तपासताना लालसर-जांभळं, मेदूवड्यासारखं गोल कडं दिसतं आणि मधोमध लघवीचं छिद्र. हे छिद्र सापडलं की निदान जवळजवळ झालंच. लैंगिक अत्याचाराची शंका डॉक्टरांनी जरूर तपासावी. पण हे कडं म्हणजे अत्याचाराचा पुरावा नव्हे, आणि एखाद्या निरपराध घरावर असा ठपका येणं फार क्रूर आहे.

त्रास सौम्य असेल तर कोमट पाण्यात बसणं, बद्धकोष्ठतेवर इलाज आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे इस्ट्रोजेनचं मलम, एवढ्यावर अनेकींना आराम पडतो. अस्तर काळं पडलं, लघवी अडली किंवा मलमाने भागलं नाही, तर छोटी शस्त्रक्रिया करतात: बाहेर आलेला भाग कापून कडा टाक्यांनी जोडतात. पूर्वी कॅथेटरभोवती दोरा आवळून तो भाग झडू देत. ती वेदनादायक पद्धत आता मागे पडली आहे.

वयस्क स्त्रियांत मात्र बाहेर आलेला भाग म्हणजे कर्करोगाची गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी गरज पडल्यास तुकडा तपासतात.